पेशींच्या पुड्या आणि दवाखान्यांच्या

पार्ल्यातल्या एका सभागृहात हाडांच्या डॉक्टरांचं व्याख्यान होतं. श्रोते बहुतेक साठीपुढचे, चहा-बटाटेवडा आधीच झालेला. कॅल्शियम घ्या, उन्हात बसा, बाथरूममध्ये घसरू नका, असं सगळं शांतपणे चाललं होतं. मग प्रश्नोत्तरांत कोणीतरी 'एक्सोसोम' हा शब्द काढला आणि सभेचे दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, स्टेम सेलमधून, म्हणजे मूळ पेशींमधून, निघणाऱ्या या द्रव्याने मोडलेलं हाड नव्याने वाढतं, परदेशात सगळे घेतात, आपल्याकडेच कागदी घोडे नाचवणारे अडवून बसलेत. दुसऱ्या तटाचं म्हणणं, हे थोतांड आहे, अमेरिकेत बंदी आहे, काल केस उगवायला विकत होते तेच आज हाडाला विकताहेत. चाळीस मिनिटं वाद झाला. त्या कुपीत नेमकं काय असतं, हे मात्र एकानेही विचारलं नाही. मी औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये बत्तीस वर्षं काढली. आमच्याकडे कुपी टेबलावर आली की पहिला प्रश्न तोच असायचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्टेम सेलने सोडलेल्या या सूक्ष्म पुटिका हाड भरून आणण्याच्या कामी उद्याचं खरं औषध ठरू शकतात. आणि तशी शक्यता आहे म्हणूनच आज त्या कोणत्याही खासगी दवाखान्यात पैसे घेऊन टोचल्या जाऊ नयेत. त्यांची रीतसर चाचणी व्हावी, इथे मुंबईत व्हावी, आणि जिथे न जुळलेल्या हाडांचे रुग्ण रोज रांगेत उभे असतात त्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत व्हावी. थोतांड म्हणणाऱ्यांना हे मत फार मऊ वाटेल, चमत्कार म्हणणाऱ्यांना फार कडक. वाटू द्या.

'पुटिका' हा पाठ्यपुस्तकातला शब्द, मी पुड्या म्हणतो. जवळपास प्रत्येक पेशी अशा पुड्या बाहेर टाकत असते. यातल्या एक्सोसोम म्हणतात त्यांचा व्यास साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पाचशेवा भाग किंवा त्याहून कमी. बाहेर चरबीचं दुहेरी वेष्टण, आत प्रथिनं आणि मायक्रो-आरएनएच्या चिठ्ठ्या. १९८३ साली मेंढीच्या आणि उंदराच्या कच्च्या तांबड्या पेशींचा अभ्यास करणाऱ्या दोन वेगवेगळ्या गटांना दिसलं, की पेशी पक्व होताना नको असलेली प्रथिनं अशा पुड्यांत बांधून बाहेर फेकते. पुढची बरीच वर्षं त्यांना पेशीचा कचराच समजलं गेलं. हा कचरा दुसऱ्या पेशी उघडून वाचतात, हे नंतर उमगलं. (मराठीत पुडी सोडण्याला वेगळाच अर्थ आहे. सध्या शहरात दोन्ही अर्थांनी पुड्या सुटताहेत.)

हाडाचं आणि पुड्यांचं नातं तर त्याहून जुनं आहे, आणि या वादात ते कोणी सांगत नाही याची मला खंत वाटते. १९६७च्या सुमारास क्लार्क अँडरसन आणि एर्मान्नो बोनुची या दोघांना, स्वतंत्रपणे, वाढत्या कूर्चेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पुड्या दिसल्या. हाडाला कठीणपणा देणाऱ्या कॅल्शियम-फॉस्फेटचे पहिले स्फटिक त्यांच्याशी निगडित होते. त्या आजच्या एक्सोसोमच्या सख्ख्या नव्हेत, भावकीतल्या. पण बाळाचं हाड कठीण होण्याची सुरुवातच पुडीतून होते हे कळल्यावर, पुडीने हाडाला हुकूम द्यावा ही कल्पना हास्यास्पद राहत नाही. दुसऱ्या बाजूने स्टेम सेलवाले इथेच येऊन पोचले. १९९१ साली 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव रुळवणाऱ्या अर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ साली लेख लिहून नाव बदला म्हणून सांगितलं. कारण टोचलेल्या या पेशी स्वतः हाड किंवा कूर्चा होऊन बसतात याचा पुरावा तोकडा होता. त्या थोडे दिवस जगतात, आजूबाजूला निरोप सोडतात आणि संपतात. मग निरोपच द्यावेत, निरोप्या कशाला? हा विचार सरळ आहे आणि मला पटतो.

आता उत्साही तटाची बाजू, आणि ती मी पडेल आवाजात मांडणार नाही. पुडी जिवंत नसते, तिचं विभाजन होत नाही, त्यामुळे पेशी टोचल्यावर वाटणारी गाठीची धास्ती बरीच कमी होते. ती गोठवून ठेवता येते. आणि आमच्या धंद्यातला माणूस ज्यावर भाळेल अशी गोष्ट म्हणजे, ती ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जाते. जिवंत पेशी त्यातून जात नाहीत, म्हणून पेशींचं औषध शेवटी गाळून निर्जंतुक करता येत नाही. पुड्यांचं येऊ शकतं. हे लहान काम नव्हे. शिवाय उंदरांच्या कवटीला भोक पाडून त्यात या पुड्या जेलमध्ये किंवा साच्यावर बसवून भरल्या, तर नुसत्या साच्यापेक्षा जास्त हाड भरतं, असं दाखवणारे प्रयोग एकदोन नाहीत, ढीगभर आहेत. रक्तवाहिन्या वाढतात, दाह निवतो, जागेवरच्या हाडपेशी कामाला लागतात.

आणि सगळ्यात वजनदार मुद्दा वेदनेचा. माझा भाचा डोंबिवलीला राहतो. पावसाळ्यात खड्ड्यात दुचाकी घसरली आणि नडगीचं हाड खालच्या तिसऱ्या भागात मोडलं. शरीरातली ही जागाच कद्रू, वर मांस कमी आणि रक्तपुरवठाही कमी. आत नेल, म्हणजे धातूची दांडी, घातली. तीन महिने झाले, सहा झाले, नऊ झाले. दर एक्स-रेला डॉक्टर म्हणायचे, हाड धरत नाहीये. कॅलसचा, म्हणजे नव्या कोवळ्या हाडाचा, ढग काही दिसेना. त्याची नोकरी फिरतीची, ती गेली. अशा माणसाला 'अजून पुरावे यायचेत, थांब' असं सांगणं सोपं असतं, कारण थांबायचं त्याला असतं, सांगणाऱ्याला नाही. एका संध्याकाळी भाचेसुनेने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, हे घेऊन टाकायचं का? तीन इंजेक्शनं म्हणतात. दागिने मोडायची तयारी आहे."

तो फोटो मी अजून ठेवलाय. थर्माकोलचा डबा, आत निळे जेल पॅक, मध्ये करंगळीएवढी कुपी. लेबल गुळगुळीत, सोनेरी अक्षरांचं. त्यावर ठळक छापलेलं: दहा बिलियन एक्सोसोम. फोटो मोठा करकरून पाहिला. बॅच नंबर नाही, उत्पादनाची तारीख नाही, मुदत नाही, परवाना क्रमांक नाही, पुड्या कोणत्या पेशींपासून काढल्या तेही नाही. साध्या खोकल्याच्या बाटलीवर जे असतं त्यातलं काहीच त्या कुपीवर नव्हतं.

दहा बिलियन या आकड्याचंही सांगतो. कण मोजणारं यंत्र लेझरच्या प्रकाशात थरथरणारे ठिपके मोजतं. तो ठिपका पुडीचा, प्रथिनाच्या गोळ्याचा की आणखी कशाचा, हे ते यंत्र आपणहून सांगत नाही. पातळ केलेलं दूध ठेवलंत तरी अब्जांत आकडा येईल. पेशी वाढवताना गाईच्या वासराचं सिरम वापरलं असेल तर त्यातल्या गाईच्या पुड्याही मोजल्या जातात. आणि सगळ्या खऱ्या असल्या तरी कोणाच्या? दाता विशीतला की साठीतला, पेशी कितव्या पिढीपर्यंत वाढवल्या, त्यांना हाडाच्या दिशेने वळवलं होतं का, यावर आतल्या चिठ्ठ्या बदलतात. आमच्याकडे गोळीत किती मिलिग्रॅम आहे एवढ्यावर बॅच सुटत नसे. ती गोळी विरघळते का, काम करते का, हे पाहावं लागे. पुड्यांच्या बाबतीत काम मोजायची सर्वमान्य पट्टीच अजून बसायची आहे. या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था २०१४ पासून निकष लिहितेय, २०१८ला सुधारले, २०२३ला पुन्हा. जे लोक आयुष्यभर पुड्यांवर काम करताहेत ते अजून कशाला पुडी म्हणावं यावर काथ्याकूट करताहेत, आणि इकडे दवाखान्यात दर ठरलेला आहे.

उंदराच्या कवटीचंही तसंच. कवटीवर वजन पडत नाही. तिथलं भोक आपण पाडलेलं असतं, स्वच्छ, ताजं, आजूबाजूला निरोगी हाड. भाच्याच्या नडगीत नऊ महिन्यांचा चिवट तंतूंचा थर होता, हलणारी टोकं होती, आणि लोकलचा जिना चढायचा होता. माणसात काहीच झालेलं नाही असं नाही. जपानमधल्या एका गटाने २०१६ साली आठ रुग्णांच्या जबड्यात असा प्रयोग प्रसिद्ध केला. स्टेम सेल ज्या द्रवात वाढवल्या तो द्रव साच्यात भिजवून बसवला आणि हाड भरलं. पण तो अख्खा द्रव होता, निवडून काढलेल्या पुड्या नव्हेत. जबडा होता, पायाचं हाड नव्हे. आणि रुग्ण होते आठ. आठ ही सुरुवात करायला चांगली संख्या आहे, दरपत्रक छापायला नाही.

"पण त्रास तर होत नाही ना?" हे सभागृहातल्या एका काकांचं वाक्य. डिसेंबर २०१९मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकाने, जाहीर इशारा काढला तो याच समजुतीवर. नेब्रास्का राज्यात एक्सोसोम म्हणून विकलेली, मंजुरी नसलेली उत्पादनं टोचल्यावर रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. पण इतक्या लांब जायची गरज काय? १९८६ साली आपल्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांना दिलेलं ग्लिसरॉल हे शंभर वेळा वापरलेलं, नावाजलेलं औषध होतं. बाटलीत मात्र औद्योगिक दर्जाचं, डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं द्रव्य होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगापुढे जे निघालं ते औषधशास्त्राचं अपयश नव्हतंच. खरेदी, तपासणी, सही आणि कोणी कोणाकडे डोळेझाक केली, याची ती कहाणी होती. त्या वर्षांत मी नोकरीत नवा होतो. आमचे साहेब रोज सकाळी लॅबमध्ये शिरताना म्हणत, "आज कोणाचा जीव आपल्या सहीवर आहे ते बघा." तेव्हा नाटकी वाटायचं.

त्याहून जुनं उदाहरण परळचं. वाल्डेमार हाफकिन या जंतुशास्त्रज्ञाने भायखळ्याला प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्याची प्रयोगशाळा परळला गेली. लस उपयोगी होती, लाखोंना दिली गेली. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एका दिवशी १०७ जणांना टोचलं, आणि त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. हाफकिनवर बालंट आलं, काम सुटलं, विलायतेत वर्तमानपत्रांतून वाद झाला. सुटका व्हायला १९०७ उजाडलं. सुटका कशाच्या बळावर झाली? ते एकोणीसही जण एकाच बाटलीतले होते, ५३-एन क्रमांकाच्या. त्या दिवशी उघडलेल्या बाकीच्या बाटल्यांनी कोणाला काही झालं नव्हतं. म्हणजे दोष लशीचा नव्हता, ती बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीचा होता, असं म्हणायला आधार मिळाला. सव्वाशे वर्षांपूर्वी, प्लेगच्या धामधुमीत, परळहून निघालेल्या बाटलीवर क्रमांक होता. माझ्या भाच्याच्या कुपीवर नव्हता. उद्या तिच्यातून कोणाचा पाय सडला तर दोष पुड्यांचा, दात्याचा, डब्यातल्या बर्फाचा की सुईचा, हे कसं ठरणार? ठरणार नाही, आणि मग दोष अख्ख्या उपचारपद्धतीवर जाईल. उत्साही मंडळींना मला एवढंच विचारायचंय, की ज्या औषधावर तुमची इतकी श्रद्धा आहे त्याचं मुल्कोवाल होऊ द्यायचं का?

कोणी म्हणेल, मंजुरी मिळाली की प्रश्न सुटला. तसंही नाही. हाडाच्याच क्षेत्रातली गोष्ट आहे. मार्शल युरिस्टने १९६५ साली दाखवलं, की खनिज काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तर तिथे नवं हाड तयार होतं. त्यातून बीएमपी ही प्रथिनं हाती आली. २००२ साली बीएमपी-२ला अमेरिकेत मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी परवानगी मिळाली. कंपनीच्या पैशावर झालेल्या १३ अभ्यासांत ७८० रुग्णांपैकी एकालाही या औषधाचा दुष्परिणाम नोंदलेला नव्हता. प्रत्यक्षात मानेत वापरल्यावर जीवघेणी सूज येत होती, नको तिथे हाड वाढत होतं. २०११ साली मणक्याच्या सर्जनांच्याच एका नियतकालिकाने अख्खा अंक काढून ही लपवाछपवी उघडी पाडली. मला यातून दिसतं ते असं: हाड वाढवणारं औषध खरंच काम करत असेल तर ते धोकादायकही असणार. ज्याला काहीच दुष्परिणाम नाही असं कोणी म्हणतो, ते एकतर काम करत नाही किंवा कोणी मोजलेलं नाही.

कायद्याची पळवाट मी दोन वाक्यांत उरकतो, कारण तिला त्याहून जास्त किंमत नाही. "यात पेशी नाहीत, म्हणून स्टेम सेलचे नियम लागू नाहीत" असं सांगितलं जातं. पण २०१९च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांत 'नवीन औषध' कशाला म्हणायचं त्या व्याख्येत स्टेम सेलपासून काढलेली उत्पादनं नाव घेऊन घातलेली आहेत, आणि स्टेम सेलच्या पुड्या स्टेम सेलपासून काढलेल्या नाहीत हे सिद्ध करायला वकीलच लागेल.

आता थोतांडवाल्यांकडे वळतो. त्यांचा खरा मुद्दा त्यांनी सभेत मांडलाच नाही, म्हणून मीच मांडतो. न जुळणारं हाड बहुतेक वेळा चमत्काराअभावी अडलेलं नसतं. टोकं हलत असतात, आत जंतुसंसर्ग असतो, साखर वाढलेली असते, खिशात तंबाखूची पुडी असते (हीसुद्धा पुडीच). कमरेचं हाड काढून फटीत भरायचं, म्हणजे ग्राफ्ट, हा जुना उपाय आजही पहिल्या पंक्तीत आहे. इलिझारोव्ह या सोव्हिएत डॉक्टरने सायबेरियातल्या कुर्गानसारख्या आडबाजूच्या शहरात तारा आणि कड्या वापरून, हाडाची दोन टोकं रोज एक मिलिमीटर, तीही चार टप्प्यांत, लांब करत मधली पोकळी हाडाने भरून काढली. ना पेशी, ना पुड्या, नुसता पाना. आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्या कड्या घातलेले पाय नेहमी दिसतात. मग जे स्वस्तात होतं ते सोडून महाग कुपीमागे का धावायचं?

हा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या भाच्यापुरतं त्याचं उत्तर 'धावू नये' असंच होतं. पण सगळ्यांपुरतं नाही. कमरेतून काढता येणारं हाड मोजकं असतं आणि ती जखम महिनोन् महिने ठणकते. सत्तरीच्या बाईच्या ठिसूळ हाडात घेण्यासारखं फार नसतं. आणि खुब्याचं काय? करोनानंतर २०२१ साली मुंबईतल्याच डॉक्टरांनी तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. स्टेरॉइड घेतल्यानंतर त्यांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते मरायला लागलं होतं. तिशी-चाळिशीतल्या माणसाला खुबा बदलायचा सल्ला देताना डॉक्टरचाही आवाज खाली जातो, कारण तो कृत्रिम खुबा जन्मभर पुरेल याची खात्री नसते. तिथे रक्तवाहिन्या जागवणारं काही मिळालं तर हवंच आहे. शिवाय इलिझारोव्हलाही मॉस्कोच्या प्रस्थापितांनी वर्षानुवर्षं गंभीरपणे घेतलं नव्हतं. त्याला वाचवलं ते एकाच ठिकाणी, रुग्णामागून रुग्ण, नोंदी ठेवत केलेल्या कामाने.

म्हणून मी म्हणतो, ते काम इथे व्हावं. केईएम, सायन, नायर, जे. जे. यांच्या अस्थिव्यंग विभागांत न जुळलेल्या नडग्या जितक्या येतात तितक्या कुठल्या पंचतारांकित दवाखान्यात येणार? दोन गट करा. दोघांनाही नेहमीचीच शस्त्रक्रिया आणि ग्राफ्ट, एका गटाला त्याबरोबर पुड्या. एक्स-रे वाचणाऱ्याला कोण कुठल्या गटातला ते सांगू नका. नोंद आधी देशाच्या चाचणी नोंदवहीत करा, म्हणजे निकाल नावडता आला तर तो गिळता येणार नाही. यावर आक्षेप ठरलेला आहे: पुन्हा गरिबांवरच प्रयोग? आक्षेपामागचा इतिहास खोटा नाही, म्हणून मी तो झटकत नाही. पण चाचणीत उपचाराचे पैसे घेत नाहीत, संमती लेखी घ्यावी लागते, इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद नियमातच आहे. प्रयोग आजही चालूच आहे. फक्त तो दागिने मोडून केला जातो आणि त्याची वही कोणी ठेवत नाही. कोणता प्रयोग गरिबाला जास्त महाग पडतो?

रुग्णालयांत माणसं कमी आहेत, निवासी डॉक्टर आधीच वाकलेले आहेत, एवढ्या बारकाईची चाचणी त्यांनी कधी करायची, हेही खरं. याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. पुड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी पैसे द्यावेत, नोंदी ठेवणारी माणसं नेमावीत, आणि आकड्यांवरचा ताबा रुग्णालयाकडे राहावा. बीएमपीच्या वेळी हा ताबा कोणाकडे होता ते वर आलंच आहे.

भाच्याचं दुसरं ऑपरेशन पालिकेच्या रुग्णालयात झालं. नेल बदलली, कमरेतलं हाड घातलं, तंबाखू सुटली म्हणतो. पाचव्या महिन्यात एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून त्याने मला दाखवला, फटीच्या एका अंगाला धुरकट पांढरं काहीतरी होतं. तीन अंगांना अजून नव्हतं. तो कुबडी घेऊन चालतो.

त्याच्या आधी, फोटो आला त्या संध्याकाळी, मी त्या दवाखान्यात फोन लावला होता. मुलगी गोड बोलली. पॅकेज सांगितलं, हप्त्यांची सोय सांगितली. मी विचारलं, "कुपीचा बॅच नंबर आणि सीओए, म्हणजे तपासणीचा दाखला, मिळेल का?" ती थोडा वेळ थांबली. मागे कोणाशी तरी बोलली. मग म्हणाली, "सर, हे आम्हाला पहिल्यांदाच कोणी विचारतंय."